पटत नाही की परवडत नाही?

पुण्याच्या शिवाजीनगर भागात दगडी बांधणीची एक जुनी वास्तू आहे. पुणेकर तिला आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, तेव्हापासून हे नाव तिला चिकटले. मुख्यालय पुढे १९४४ साली दिल्लीस हलले. नाव मात्र येथेच राहिले. त्या नावाबरोबर पुणेकरांची एक थट्टाही राहिली: वेधशाळेने पाऊस सांगितला म्हणजे छत्री खुशाल घरी ठेवावी! थट्टा निरुपद्रवी आहे. परंतु तिच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. ज्यांचे ज्ञान आपल्याला स्वतः तपासता येत नाही, त्यांच्या शब्दावर आपण किती विश्वास ठेवावा? आणि ठेवलाच, तर त्या शब्दामुळे आपले जगणे बदलण्याचे बंधन आपल्यावर येते काय?

हवामानबदलाचा विषय निघाला की हा प्रश्न घराघरांत वादाचे रूप घेतो. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात असे वाद कानांवर पडतात. वडीलधारे गृहस्थ म्हणतात, "परवाचा पाऊस ज्यांना नीट सांगता येत नाही, ते पन्नास वर्षांनंतरची उष्णता काय सांगणार? ऊन-पाऊस देवाच्या हाती आहे." त्यांची महाविद्यालयात शिकणारी नात म्हणते, "आजोबा, शास्त्रज्ञ घसा फोडून सांगत आहेत आणि आपण ऐकत नाही, हेच आपले पाप आहे." दोघांच्या मध्ये उभा असलेला तिचा बाप म्हणतो, "खरे असेलही. पण आपण एकट्याने गाडी घेतली नाही म्हणून जगाचे काय थांबणार आहे?" यांतले कोणतेही बोलणे मूर्खपणाचे नाही. म्हणून तिघांपैकी कोणालाही हसण्यावारी नेता येत नाही. तिघांच्या म्हणण्यात तथ्य किती, हे शांतपणे पाहणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आजोबांचे म्हणणे घेऊ. उद्याचा पाऊस आणि पन्नास वर्षांचे हवामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या गावच्या विहिरीचे पाणी दूषित झाले, तर त्या आठवड्यात कोणत्या घरी कोण आजारी पडेल हे डॉक्टरला सांगता येणार नाही. परंतु हेच पाणी पीत राहिलात तर गावात रोगराई पसरेल, हे तो ठामपणे सांगू शकतो. पहिली गोष्ट न सांगता आल्यामुळे दुसरी खोटी ठरत नाही. हवामानशास्त्रज्ञाचेही असेच आहे. आपल्याच शहरात, पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामान संस्था आहे. तिची स्थापना १९६२ सालची. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेला भारतातील हवामानबदलाचा अहवाल केंद्र सरकारने २०२० साली प्रसिद्ध केला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले, असे त्यात नमूद आहे. १९५१ ते २०१५ या काळात हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे १ अंशाने वाढले. त्याच काळात मोसमी पाऊस एकंदरीत सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात विशेष जाणवली. दुसरीकडे, मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाच्या घटना १९५० नंतरच्या पासष्ट वर्षांत सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे एकूण पाऊस कमी, आणि पडतो तेव्हा मात्र धुवांधार. ही केवळ परदेशातून आलेली आवई नव्हे. आपल्याच देशात वर्षानुवर्षे केलेल्या नोंदींची ही बेरीज आहे.

तरीही आजोबा विचारतील, "शास्त्रज्ञ चुकत नाहीत काय?" चुकतात, आणि हे लपविण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता वर्तविली होती. हे विधान निराधार होते. भारतीय हिमनद्यांचे ज्येष्ठ अभ्यासक विजयकुमार रैना यांनी २००९ साली या नद्यांविषयी अधिक सावध चित्र मांडले, तेव्हा त्यांच्यावर टीकाही झाली. परंतु जानेवारी २०१० मध्ये समितीला आपली चूक जाहीरपणे मान्य करावी लागली. या प्रसंगावरून कोणी म्हणेल, पाहा, हे लोक विश्वासार्ह नाहीत. मला मात्र यातून दुसरी गोष्ट दिसते. ती चूक उघडकीस आणली ती त्याच विषयाच्या अभ्यासकांनी. आणि हिमनद्या वितळत आहेत ही मूळ गोष्ट त्या चुकीने पुसली गेली नाही.

येथे आपल्या भाषेतील तीन शब्द वेगळे करणे उपयोगी पडेल: श्रद्धा, विश्वास आणि भरवसा. श्रद्धा आपण परमेश्वरावर ठेवतो, कारण तो सत्यस्वरूप आहे. विश्वास आपण आपल्या माणसांवर ठेवतो, कारण त्यांचे प्रेम आपण अनुभवलेले असते. भरवसा मात्र आपण ज्याच्या कामाची रीत पारखली आहे अशा माणसावर टाकतो. वैद्यावर, गवंड्यावर, एस.टी.च्या चालकावर. शास्त्रज्ञ आपल्याकडे श्रद्धा मागत नाही, आणि मागू लागला तर ती आपण देऊ नये. संत थॉमस अक्वायनस यांनी तर केवळ मानवी अधिकारवाणीवर उभारलेला युक्तिवाद हा सर्वांत दुबळा मानला आहे. परंतु भरवशाशिवाय आपला एक दिवसही जात नाही. संत ऑगस्टीन यांनी विश्वासाच्या उपयुक्ततेवर एक छोटासा ग्रंथ लिहिला. त्यात ते दाखवून देतात की, आपले वडील कोण हेसुद्धा मूल आईच्या शब्दावरून मानते. प्रत्येक गोष्टीचा पुरावा हाती येईपर्यंत थांबायचे ठरविले तर आईवडिलांवर प्रेम करणेही अशक्य होईल. तेव्हा आपण भरवसा कोणावर टाकतो, एवढाच प्रश्न उरतो. ज्याचे काम इतर जाणकार तपासतात, जो आपली चूक सुधारतो आणि जो आपल्याला ठाऊक आहे त्याहून अधिक सांगत नाही, तो भरवशास पात्र आहे. या कसोटीवर हवामानशास्त्रज्ञांचे एकमत उतरते, असे माझे मत आहे.

ख्रिस्तसभेला ही वाट परकी नाही. गॅलिलिओला १६३३ साली दिलेली शिक्षा आपल्या इतिहासातील वेदनादायक प्रकरण आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी, त्या काळच्या धर्मपंडितांकडून झालेली चूक स्पष्टपणे मान्य केली. याच पोप महोदयांनी १९९० च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात हरितगृह परिणामाचा उल्लेख केला होता. आपल्या सह्याद्रीतल्या खंडाळ्याच्या व पुरंदरच्या वनस्पतींची शास्त्रशुद्ध नोंद करणारे फादर सांतापाव हे येशूसंघीय धर्मगुरूच होते. तामिळनाडूत जन्मलेले वीरभद्रन रामनाथन कॅथलिक नाहीत. परंतु १९७५ साली वातावरणातील काही कृत्रिम वायूंची उष्णता धरून ठेवण्याची प्रचंड शक्ती दाखवून देणारा हा शास्त्रज्ञ २००४ पासून व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचा सदस्य आहे. २०१५ साली 'लाउदातो सी' हे विश्वपत्र लिहिताना पोप फ्रान्सिस यांनी शास्त्रज्ञांच्या एकमताचा आधार घेतला. आणि त्याच पत्रात शास्त्रीय प्रश्नांचा निकाल लावण्याचा दावा ख्रिस्तसभा करीत नाही, असेही नम्रपणे सांगितले. आपली मर्यादा ओळखून जाणकारांचे ऐकणे, हीच येथे ख्रिस्तसभेची भूमिका आहे.

एवढे सांगून लेख संपविता आला असता, तर नातीची बाजू सरळ जिंकली असती. परंतु आपल्याच श्रद्धाबांधवांच्या बाबतीत घडलेली एक हकीकत आपल्याला अधिक खोल जाण्यास भाग पाडते.

पुण्यात जन्मलेले व येथेच शिकलेले परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने मार्च २०१० मध्ये पश्चिम घाटासाठी तज्ज्ञगट नेमला. गटाने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला. संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन विभाग करावेत आणि सर्वांत नाजूक भागात नव्या खाणी व मोठी धरणे नकोत, अशा त्यातील सूचना होत्या. विभागांच्या सीमा तात्पुरत्या आहेत, अंतिम निर्णय ग्रामसभांशी विचारविनिमय करून व्हावा, असेही त्यात म्हटले होते. पण सरकारने अहवाल दडवून ठेवला. माहिती अधिकाराखाली झगडा होऊन, प्रकरण न्यायालयापर्यंत गेल्यावर, मे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. पुढे डॉ. कस्तुरीरंगन यांच्या समितीने एप्रिल २०१३ मध्ये बराच सौम्य अहवाल दिला. तिने घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील धरला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केरळात वणवा पेटावा तसे आंदोलन पेटले. इडुक्की व वायनाडच्या डोंगरांतील शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांत आपले कॅथलिक बांधव मोठ्या संख्येने होते. तेथील काही धर्मप्रांतांनीही उघड विरोध केला. हे शेतकरी कोण? विसाव्या शतकाच्या मध्यावर, अन्नटंचाईच्या काळात, सखल भागातून डोंगरात येऊन ज्यांनी हिवताप आणि जंगली जनावरे यांना तोंड देत मळे उभे केले, त्यांची मुले-नातवंडे. अनेकांना जमिनीचा पट्टा मिळालेला नव्हता. आपल्याला येथून हुसकावून लावतील, ही त्यांची भीती. अहवालात तसे नव्हते. परंतु तो त्यांच्या भाषेत, त्यांच्या अंगणात जाऊन कोणी समजावून सांगितला नव्हता. आधी दडविलेला कागद नंतर कितीही निर्दोष निघाला, तरी दडविल्याचा संशय राहतोच.

येथे आपण घाईने निवाडा करू नये. पवित्र शास्त्राला ही भीती ठाऊक आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ फारोला सात वर्षांचा सुकाळ आणि सात वर्षांचा दुष्काळ यांचे भाकीत सांगतो. फारो एका परदेशी कैद्याच्या शब्दावर भरवसा टाकतो, पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरतो आणि देश उपासमारीतून वाचतो. ही कथा आपण आवडीने सांगतो. पण पुढचा भाग आपण क्वचित वाचतो. दुष्काळ वाढला तेव्हा लोकांनी धान्यासाठी आधी पैसा दिला, मग जनावरे दिली, शेवटी जमीन दिली आणि ते फारोचे दास झाले. भाकीत शंभर टक्के खरे होते. तरी त्याची किंमत गरिबांनी मोजली. इडुक्कीच्या शेतकऱ्याला योसेफाचे भाकीत नाकारायचे नव्हते. त्याला त्या कथेचा शेवट टाळायचा होता.

मला वाटते, वादाचे मूळ येथे आहे. माणूस म्हणतो, "मला हे पटत नाही." पुष्कळदा त्याला म्हणायचे असते, "मला हे परवडत नाही." डोंगरातल्या शेतकऱ्याच्या तोंडी हे बोलणे न्याय्य असू शकते. ज्याच्यापाशी दोन एकर आहेत, त्याने शास्त्रज्ञाला "किंमत कोण मोजणार?" असे विचारले, तर ते अज्ञान नव्हे. परंतु खाणमालक किंवा बंगल्यांच्या योजना आखणारा बांधकाम व्यावसायिक याच शेतकऱ्याच्या पाठीशी उभा राहून "शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवू नका" म्हणतो, तेव्हा त्याला परवडत सगळेच असते. फक्त नफा सोडवत नसतो. दोघांचे शब्द एकच, नीती वेगळी. उलट, निर्णय आपल्या हाती आहे असे जेथे लोकांना वाटले, तेथे त्यांनी शास्त्राला आपले मानले. आपल्या महाराष्ट्रात सिंधुदुर्गातील अनेक ग्रामसभांनी, खाणींपासून डोंगर वाचविण्यासाठी, आमच्या गावाला संवेदनशील क्षेत्र म्हणा, असे ठराव स्वतःहून केले.

किंमत टाळल्याने ती नाहीशी होत नाही, हेही सांगितले पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी आपल्या पुणे जिल्ह्यातील, आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ जीव गाडले गेले. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला येथे दरडी कोसळून दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अमुक एक अहवाल अमलात आला असता तर ही माणसे वाचली असती, असे मी म्हणणार नाही. ते कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. शास्त्रज्ञही तसे म्हणत नाहीत. वायनाडच्या दुर्घटनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने एवढेच सांगितले की, त्या दिवशीचा पाऊस हवामानबदलामुळे सुमारे १० टक्के अधिक तीव्र झाला होता. केवढे संयमित विधान! सारे पाप हवामानबदलाच्या माथी मारणे त्यांना सोपे होते. त्यांनी ते केले नाही, म्हणून त्यांच्या त्या १० टक्क्यांवर मी भरवसा टाकतो.

आता बापाचा प्रश्न: माझ्या एकट्याने काय होणार? या प्रश्नाला आकड्यांचा आधारही आहे. कोळसा व तेल जाळून होणारा कार्बन वायूचा वार्षिक वाटा भारतात माणशी सुमारे २ टन आहे. अमेरिकेत तो सुमारे १४ टन आहे. मग त्याग आपणच का करावा? राष्ट्राराष्ट्रांच्या वाटाघाटींत हा युक्तिवाद योग्यच आहे, आणि जबाबदारी सर्वांची असली तरी समान नाही, हे 'लाउदातो सी'नेही मान्य केले आहे. परंतु सरासरी हा मोठा सोयीचा पडदा आहे. माळीणच्या महादेव कोळी कुटुंबाचा आणि कल्याणीनगरातील, दोन मोटारी व चार वातानुकूलन यंत्रे असलेल्या घराचा वाटा एकत्र मिसळून ती सरासरी निघते. अमेरिकेपुढे आपण ज्या न्यायाने बोट दाखवितो, त्याच न्यायाने माळीणचा माणूस आपल्याकडे बोट दाखवू शकतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. ओढ्याकाठच्या वस्त्यांतील पुष्कळांच्या दारी मोटार नव्हती, आणि ओढ्याचे पात्र अरुंद करणारी बांधकामे काही त्यांनी एकट्यांनी केलेली नव्हती.

प्रभू येशूच्या दृष्टांतातील श्रीमंत माणसाने लाजरसला मारले नाही, लुटले नाही, दारातून हाकललेही नाही. त्याने फक्त आपले जेवण चालू ठेवले. त्याच्या एका घासाने लाजरस उपाशी मेला, असे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाले नसते. तरीही प्रभूने त्याला निर्दोष ठरविले नाही. पश्चात्तापाच्या प्रार्थनेत आपण केलेल्या पापांबरोबर टाळलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. "माझ्याने काय होणार?" हा परिणामाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कदाचित "फारसे नाही" असेच असेल. पण "माझा वाटा मी उचलला काय?" हा वेगळा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले म्हणून दुसरा रद्द होत नाही.

शिवाय, वाटा उचलण्याला परिणाम नसतोच असेही नाही. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाकर यांनी त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दुष्काळी गावांसाठी आयुष्य वेचले. १९८९ साली भारत-जर्मनी पाणलोट कार्यक्रम त्यांच्या प्रेरणेने उभा राहिला आणि १९९३ साली त्यासाठीच 'वॉटर' ही संस्था स्थापन झाली. 'माथा ते पायथा' पाणी अडवायचे, हे त्यामागचे शास्त्र. पण शास्त्र सांगून काम भागले नाही. गावाने श्रमदान करायचे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळायची, आणि हे सारे ग्रामसभेने स्वतः ठरवायचे, अशी अट होती. चराईबंदीची झळ सर्वांत आधी भूमिहीन धनगराला लागते. म्हणून त्याच्याशी बोलल्याशिवाय, त्याची सोय पाहिल्याशिवाय बंदी टिकत नाही, हा त्या कामाचा धडा होता. ज्याला सोसायचे आहे त्याला विचारले गेले, आणि जो सांगत होता तोही दगड उचलत होता. तेथे शास्त्रज्ञावरचा भरवसा भाषणाने निर्माण झाला नाही, वाट्याने झाला.

म्हणून नातीला मी म्हणेन: मुली, तुझे म्हणणे खरे आहे; परंतु सत्य सांगणाऱ्यावर जास्तीचे ओझे असते. डोंगरातल्या माणसाने शास्त्रज्ञाचे ऐकावे असे तुला वाटत असेल, तर त्याचे काय जाते हे आधी विचार, आणि त्याच्याआधी आपल्या घराचे काय जाईल ते ठरव. आजोबांना म्हणेन: ऊन-पाऊस देवाच्या हाती आहे, आणि ज्या बुद्धीने माणूस त्याची मोजमापे घेतो तीही त्याचेच देणे आहे. बापाला म्हणेन: जग थांबविण्याचे काम तुमच्यावर सोपविलेले नाही, तुमचा वाटा मात्र दुसरा कोणी उचलणार नाही.

हा वाटा कोणता, हे प्रत्येक कुटुंबाला ठरविता येईल. लग्नाच्या मांडवातील रात्रभरचे जनित्र, जवळच्या फेरीसाठी काढलेली मोटार, गरज नसताना चालणारे वातानुकूलन यंत्र, यांवर घरात मोकळेपणी बोलता येईल. पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्या भागातील ओढा बुजविला जात असेल, टेकडी फोडली जात असेल, तर चार शेजाऱ्यांना घेऊन महापालिकेकडे जाणे हाही त्याच वाट्याचा भाग आहे. कारण ओढ्याकाठच्या झोपडीचे रक्षण केवळ आपल्या घरातील दिवे मालवल्याने होत नाही. आणि या साऱ्याला नकार देण्यापूर्वी, प्रत्येकाने एकदा सदसद्विवेकबुद्धीपुढे उभे राहून स्वतःला विचारावे: मला हे पटत नाही, की परवडत नाही? आणि परवडत नसेल, तर ते खरोखर परवडत नाही, की केवळ सोडवत नाही? पहिल्या दोन उत्तरांवर आपण एकमेकांशी प्रामाणिकपणे वाद घालू शकतो. तिसऱ्या उत्तरासाठी मात्र शास्त्रज्ञाला दोष देता येणार नाही.